‘सात-अकरा’चा अर्ज: दावा दारातच कधी अडतो, कधी नाही

वाराणसीच्या जिल्हा न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२२ रोजी ज्ञानवापी प्रकरणात ‘हा दावा सुरुवातीलाच नामंजूर करा’ असं म्हणणारा मशीद समितीचा एक अर्ज फेटाळला आणि ‘ऑर्डर सात, रूल अकरा’ हे शब्द दिवसभर टीव्हीवर वाजत राहिले. ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना वाटलं, मूळ भांडणाचाच निकाल लागला. तसं काही झालं नव्हतं. दावा चालवायला कायद्याची आडकाठी नाही, तो पुढे चालू द्या, एवढंच कोर्टाने म्हटलं होतं.

आपल्याकडे हा अर्ज पडतो तो बहिणीच्या हिश्शावरून, जुन्या खरेदीखतावरून, पतसंस्थेच्या कर्जावरून. सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहा, ‘सात-अकरा टाकलाय’ हे कानावर पडतंच. पक्षकार मान डोलावतो. पण आपला वकील नेमकं काय करतोय, हे त्याला क्वचितच कळलेलं असतं. ‘दावाच उडवायचाय’ एवढ्यावर तो समाधानी असतो. दावा उडणं इतकं सोपं नाही, आणि उडाला तरी प्रत्येक वेळी भांडण संपतंच असं नाही.

बेलिफ काय देऊन जातो

समन्सबरोबर वादपत्राची नक्कल येते. दावा लावणारा तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी, आणि वादीने आपली तक्रार व मागणी ज्या कागदावर मांडली ते वादपत्र. मराठीतल्या वादपत्राचा साचा ठरलेला असतो. आधी मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा, मग बहुधा वंशावळ, मग हकिकत. त्यानंतर ‘दाव्यास कारण’ नावाचा एक छोटासा परिच्छेद, पुढे दाव्याची किंमत व कोर्ट फी, आणि शेवटी विनंती.

प्रतिवादी वाचतो ती हकिकत, आणि वाचता वाचता तापतो. ‘हे खोटं, ते खोटं, मुळात हा त्या दिवशी गावातच नव्हता.’ वकिलाची नजर मात्र ‘दाव्यास कारण’वर जाते. वादीचा कोणता हक्क होता, तो कधी आणि कशाने दुखावला गेला, हे तिथे सांगितलेलं असतं. दावा मुदतीत आहे की नाही, याचा धागाही बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

उत्तर देण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे कैफियत, अर्थात प्रतिवादीचं लेखी म्हणणं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते, आणि कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतं. कैफियतीनंतर मुद्दे निघतात, साक्षी होतात, उलटतपास होतो, युक्तिवाद होतो. यात किती वर्षं जातात, हे ज्याच्या घरात वाटपाचा दावा आहे त्याला सांगायला नको.

दुसरा रस्ता म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या सातव्या आदेशाचा अकरावा नियम. ‘वादीने जे लिहिलंय ते सगळं खरं धरलं, तरी हा दावा कायद्यात बसत नाही,’ असं प्रतिवादी या अर्जात म्हणतो. कुस्तीच्या मैदानात लढत लावण्याआधी पहिलवानाला वजनकाट्यावर उभं करतात, तसं हे आहे. त्याच्या अंगात किती ताकद आहे, तो कोणता डाव मारणार, हे काट्यावर कोणी विचारत नाही. आखाड्यात उतरायला तो पात्र आहे का, एवढंच तिथे बघतात.

एका द्राक्षबागेचा दावा

समजा, तासगाव तालुक्यातल्या एका जमिनीचा दावा आहे. वादपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: ‘वादीने सन २०११ मध्ये प्रतिवादीचे लाभात नोंदणीकृत खरेदीखत करून दिले. तेव्हापासून प्रतिवादी मिळकतीत असून त्याने सन २०१३ मध्ये द्राक्षबाग लावली आहे.’ सातव्यात: ‘ठरलेल्या मोबदल्यापैकी बहुतांश रक्कम प्रतिवादीने आजतागायत दिली नाही.’ आणि अकराव्यात: ‘दाव्यास कारण दि. ४ मार्च २०२४ रोजी, वादीने तलाठी कार्यालयातून फेरफाराची नक्कल घेतली तेव्हा घडले.’ विनंती अशी की खरेदीखत रद्द करावं.

आता हे सगळं खरं धरा. पैसे बुडाले, हेसुद्धा खरं धरा. तरीही वादी अडचणीत आहे. दस्त रद्द करून मागायला मुदत कायद्याने तीन वर्षं दिली आहेत, आणि ती मोजायची तो दस्त रद्द करून मागण्याचा हक्क ज्या गोष्टींमुळे मिळतो त्या वादीला कळल्यापासून. इथे खरेदीखतावर सही वादीचीच आहे. पैसे आले नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तेरा वर्षांनी फेरफाराची नक्कल काढली म्हणून मुदतीचं घड्याळ नव्याने सुरू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दहिबेन विरुद्ध अरविंदभाई भानुशाली या सुरतेकडच्या जमिनीच्या प्रकरणात जवळपास हेच म्हटलं. खरेदीखत २००९ चं, दावा २०१४ चा, आणि तक्रार अशी की मोबदल्यातली फारच थोडी रक्कम हाती आली. मोबदला राहिला तर तो वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे, पण पूर्ण झालेली नोंदणीकृत विक्री तेवढ्यावरून रद्द होत नाही, आणि दावा मुदतीबाहेर आहे, असं ठरवून वादपत्र नामंजूर झालं. एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

त्याआधी १९७७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी टी. अरिवंदनम प्रकरणात खालच्या न्यायालयांना बजावलं होतं की लेखणीच्या हुशारीने दाव्याला कारण असल्याचा नुसता भास उभा केला असेल, तर तो दावा पहिल्याच सुनावणीत खुडून टाका. आपल्या उदाहरणातली ‘४ मार्च २०२४’ ही तारीख म्हणजे तसलीच हुशारी. तिसरा परिच्छेद तिला उघडं पाडतो, आणि तो लिहिलाय खुद्द वादीने.

त्याच बागेवर बहिणीचा दावा असेल तर?

जमीन तीच, खरेदीखत तेच. फक्त ते करून दिलं भावाने, आणि दावा लावलाय बहिणीने. ती म्हणते, ‘मी सासरी फलटणला. माझ्या हिश्शासकट जमीन विकली, हे मला २०२४ मध्ये कळलं.’ इथे ‘सात-अकरा’ बहुधा टिकत नाही. तिला कधी कळलं हा पुराव्याचा प्रश्न आहे, आणि पुरावा तपासायची ही वेळ नव्हे. २०१८ मध्ये छोटनबेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर १९९६ चं खरेदीखत होतं आणि दावा होता २०१३ चा. भावांनी आम्हाला अंधारात ठेवलं, असं बहिणींचं म्हणणं होतं. इतक्या वर्षांचं अंतर असूनही न्यायालयाने दावा चालू ठेवला.

दोन्ही दाव्यांत वर्षं मोजायला गेलं तर फार फरक नाही. पहिल्यात वादी स्वतःच्या लिहिण्यात अडकला, दुसऱ्यात नाही. समन्स हातात आल्यावर ‘वादी खोटं बोलतोय का’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि ‘वादीने स्वतःच्या हाताने काय कबूल केलंय’ हे शोधावं, असं मला वाटतं. खोटेपणा सिद्ध करायला पुढे वेळ आहे. ‘सात-अकरा’ चालतो तो वादीच्या कबुलीवर.

‘पण माझ्याकडे कागद आहेत ना!’

हा आक्षेप हमखास येतो. प्रतिवादी पिशवी उपडी करतो: जुने सातबारे, १९८५ च्या तोंडी वाटपाची फेरफार नोंद, वीजबिलं, सोसायटीच्या पावत्या. ‘एवढं दाखवलं की कोर्ट दावा फेकून देईल.’

फेकत नाही. या टप्प्यावर कोर्ट तुमची पिशवी उघडतच नाही. सलीमभाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००३ च्या निकालाने हे पक्कं केलं की बघायचं ते वादपत्रच, प्रतिवादीची बाजू इथे गैरलागू. वादीने दाव्याबरोबर स्वतः जे दस्त जोडले, ते मात्र वादपत्राचाच भाग धरून वाचले जातात. त्यामुळे पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र वादीनेच यादीने हजर केलं असेल तर त्यावर बोट ठेवता येतं. तुम्ही हजर केलं, तर ते कैफियतीच्या कामाचं.

तोंडी वाटपाचं तर विचारूच नका. आपल्या भागात निम्मी वाटपं बांधावर उभं राहून झाली आणि नंतर तलाठ्याकडे वर्दी गेली. मुलींच्या समान हक्काच्या विनीता शर्मा निकालात, ११ ऑगस्ट २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तोंडी वाटपाचा बचाव सरसकट मानता येणार नाही. सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. म्हणजे तो मुद्दा पुराव्यानेच सुटणार. पहिल्या तारखेला नाही.

‘याच मिळकतीचा दावा तो आधी एकदा हरलाय’ हा बचाव ऐकायला बिनतोड वाटतो. पण बेळगावच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने (श्रीहरी तोताला विरुद्ध हेमंत कामत) म्हटलं की आधीच्या दाव्यातलं वादपत्र, कैफियत, मुद्दे आणि निकाल सगळं ताडून पाहिल्याशिवाय हे ठरत नाही, म्हणून हा मुद्दा ‘सात-अकरा’त बसत नाही. तो पुढे प्राथमिक मुद्दा म्हणून काढून घेता येतो का, हे वकिलाला विचारावं. जुन्या पक्षकारांना ‘नऊ-अ’ आठवत असेल. अधिकारक्षेत्राचा आक्षेप आधी ठरवायची महाराष्ट्राची ती खास तरतूद होती. राज्याने ती २०१८ मध्ये काढून टाकली.

कोर्टाचं दारच चुकलं असेल तर

नियमात नामंजुरीची एकूण सहा कारणं आहेत. दाव्यास कारणच न दिसणं हे पहिलं. चौथं तितकंच वजनदार: वादपत्रातल्याच मजकुरावरून दावा कुठल्या तरी कायद्याने बंद आहे असं दिसणं. मुदत यातच येते. पण सहकाराच्या या पट्ट्यात आणखी बरंच काही येतं.

सभासद आणि सहकारी संस्था यांच्यात संस्थेचा कारभार, व्यवहार किंवा निवडणूक यावरून वाद असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली त्याची जागा सहकार न्यायालयात आहे, दिवाणी कोर्टात नाही. संस्थेच्या व्यवहाराबाबत दिवाणी दावा लावायचाच असेल तर कलम १६४ प्रमाणे निबंधकाला दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. पतसंस्थेविरुद्ध मनाई मागणाऱ्या वादपत्रात या नोटिशीचा उल्लेखच नसला, की समोरचा वकील खूश होतो. सरकारविरुद्धच्या दाव्यातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. फार तातडी असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन सूट मिळते. बँकेने सरफेसी कायद्याखाली तारणावर टाच आणली असेल तर ती थांबवायला दिवाणी कोर्टात धावून सहसा उपयोग होत नाही, तिथे कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. कूळ होता की नव्हता, हा प्रश्नही कुळकायद्याने महसुली अधिकाऱ्याकडे सोपवलाय. पण तेवढ्यासाठी अख्खं वादपत्र पडत नाही. दिवाणी कोर्ट तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवून उत्तर मागवतं.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या उधारीचा व्यापारी वाद तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल आणि तातडीची मनाई वगैरे मागायची नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीचा ठरवला, आणि २० ऑगस्ट २०२२ पासून त्याविना आलेलं वादपत्र नामंजूर होतं. येणं शंभर टक्के खरं असलं तरी.

निव्वळ हद्द चुकली असेल तर प्रकार निराळा. जमीन कराडची आणि दावा मिरजेत, असं झालं तर वादपत्र नामंजूर होत नाही. योग्य कोर्टात दाखल करायला ते वादीला परत दिलं जातं, आणि तो नियम दहावा. कोर्ट फी कमी भरली किंवा दाव्याची किंमत कमी दाखवली, ही कारणंही यादीत आहेत, पण त्यांचा गाजावाजा करण्यात अर्थ नाही. कोर्ट आधी फी भरायला मुदत देतं, वादी भरतो, दावा पुढे सरकतो. उरलेली दोन कारणं वादपत्राच्या प्रती आणि तत्सम पूर्ततेची आहेत.

अर्धा दावा उडवता येतो का?

नाही. चार विनंत्यांपैकी तीन कायद्यात बसत नसल्या आणि एक बसत असली तरी वादपत्र अख्खं राहतं. माधव प्रसाद अग्रवाल विरुद्ध ॲक्सिस बँक, २०१९. तसंच, अनेक प्रतिवादींपैकी एकापुरतं वादपत्र नामंजूर करून बाकीच्यांवर दावा चालवायचा, हेही या नियमात होत नाही. ‘बाकीच्यांचं ते बघतील, माझं नाव तेवढं काढा’ म्हणणाऱ्याला नाव कमी करून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो.

मग कैफियत द्यायचीच नाही का?

इथे लोक फसतात. ‘सात-अकरा’चा अर्ज कैफियतीआधी देता येतो, नंतरही देता येतो. दिला की कोर्टाने तो आधी निकाली काढावा, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आर. के. रोजा प्रकरणात सांगितलं. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की कैफियतीची हुकलेली संधी परत मिळवायला या अर्जाचा आडोसा घेता येणार नाही. अर्ज दिला म्हणून ३० आणि ९० दिवसांचं गणित आपोआप थांबतं, असं धरून बसू नये. शहाणे वकील दोन्ही कागद तयार ठेवतात.

आणि आता जरा कडू बोलतो. मला दिसतात त्यातले बरेचसे अर्ज वादपत्रात दोष आहे म्हणून दिलेले नसतात. ‘निशाणी पाच’ लांबवायला दिलेले असतात. वादपत्र निशाणी एक, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी पाच, हे कोर्टात इतकं रुळलंय की लोक अर्जालाच ‘पाच’ म्हणतात. मनाई मिळायला उशीर झाला तर तेवढ्यात बांधकाम उरकतं किंवा जमीन तिसऱ्याच्या नावावर जाते. मग ‘सात-अकरा’वर म्हणणं द्यायला तारीख, युक्तिवादाला तारीख, आदेशाला तारीख. वादीने अशा वेळी गप्प बसू नये. दरम्यान परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश मागावा.

वादीवर हा अन्याय नाही का?

वकिलाने वादपत्र नीट लिहिलं नाही म्हणून एखाद्या अडाणी माणसाचा खरा हक्क बुडायचा का, हा आक्षेप रास्त आहे, आणि कायद्यात त्याचं काही उत्तरही आहे. कोर्टाने वादपत्र सबंध वाचायचं, एखादं वाक्य सुटं उचलून त्यावर निकाल द्यायचा नाही, असं सोपान सुखदेव साबळे प्रकरणात २००४ मध्ये ठरलंय. शंका असेल तर दावा चालू ठेवण्याकडे कोर्टाचा कल असतो. अर्जाचा रोख ओळखून वादी वादपत्रात दुरुस्ती मागू शकतो, आणि नोटिशीची तारीख किंवा एखादा दस्त नुसता लिहायचा राहिला असेल तर ती मिळूही शकते. मुदत गेलीच असेल तर मात्र दुरुस्तीने ती परत येत नाही.

त्याहून मोठा दिलासा त्याच सातव्या आदेशाच्या तेराव्या नियमात आहे. वादपत्र नामंजूर झालं तरी त्याच कारणावर नवं वादपत्र दाखल करायला बंदी नाही. दोन महिन्यांची नोटीस दिली नव्हती म्हणून दावा पडला? नोटीस द्या, थांबा, पुन्हा लावा. म्हणून पेढे वाटण्याआधी प्रतिवादीने आदेशातलं कारण वाचावं. मुदतीवर पडला असेल तर तो बहुधा कायमचा गेला. नोटिशीवर किंवा कोर्ट फीवर पडला असेल तर बेलिफ पुन्हा येऊ शकतो.

आदेशानंतर कोण कुठे जातो

अर्ज मंजूर होऊन वादपत्र नामंजूर झालं, तर कायदा त्या आदेशाला हुकूमनामा मानतो, म्हणजे दाव्याचा औपचारिक निकाल. वादी त्यावर सरळ अपील करतो. कनिष्ठ स्तर न्यायाधीशांचा आदेश असेल तर अपील जिल्हा न्यायालयात.

उलट, प्रतिवादीचा अर्जच फेटाळला गेला तर त्याला अपील नाही. त्याने संहितेच्या कलम ११५ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा. यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, राहण्याजेवणाच्या खर्चासकट. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचला जोडले गेलेत, तेव्हा सांगलीचा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो. अंतर कमी झालं म्हणून असे अर्ज वाढतील, असा माझा अंदाज आहे. फक्त एक: पुनरीक्षण अर्ज दाखल केल्याने खालचा दावा थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती हातात पडेपर्यंत तासगावची तारीख चुकवायची नसते.